परस्परसंमतीच्या सहीआधी

परस्परसंमतीने घटस्फोट झाला म्हणजे दोघे समजुतीने वेगळे झाले, असे आपण धरून चालतो. कागदावर ते खरेही दिसते, कारण अर्जावर दोघांच्या सह्या असतात आणि न्यायाधीशांनी विचारल्यावर दोघेही ‘कोणाचा दबाव नाही’ असे सांगतात. परंतु ही संमती पुष्कळदा अगदी शेवटी आलेली असते. आधी पोलिसांत तक्रार होते, मग पोटगीचा अर्ज, त्याला उत्तर म्हणून नांदायला येण्याचा दावा, त्यानंतर तारखांमागून तारखा; आणि दोन्ही घरांतले पैसे आणि धीर संपत आले की न्यायालयाच्या व्हरांड्यात दोन वकील आणि दोन मामा उभ्याउभ्या एक आकडा ठरवतात. त्याला ‘सेटलमेंट’ म्हणतात. अर्जात या सेटलमेंटसाठी एक परिच्छेद पुरतो, मुलाच्या ताब्यासाठी दोन ओळी पुरतात आणि उरलेल्या सगळ्यासाठी ‘यापुढे उभयतांचा एकमेकांवर कोणताही हक्क राहणार नाही’ हे ठरीव वाक्य असते. पंधरा-वीस वर्षे ज्याप्रमाणे वागायचे आहे असा करार इतक्या घाईत लिहिला जातो, ही माझी मुख्य तक्रार आहे. तडजोड न्यायालयाबाहेर व्हावी याबद्दल आता फारसे दुमत उरलेले नाही. ती कोणी, केव्हा आणि कोणत्या तयारीने घडवून आणायची, याचा विचार मात्र आपण केलेला नाही. माझे मत असे आहे की पहिला अर्ज दाखल होण्यापूर्वीच प्रशिक्षित मध्यस्थ, दोन्ही बाजूंचा एकेक वकील, हिशेबाचा जाणकार आणि मुले असतील तर बालसमुपदेशक यांच्या साहाय्याने ती व्हावी, आणि ज्यांना हे परवडत नाही त्यांच्यासाठी तिची सोय सार्वजनिक खर्चाने असावी.

बडोद्यातल्या मराठी माणसांसाठी या प्रश्नाला एक जास्तीची बाजू आहे. आपल्या घरांतल्या सोयरिकी राज्याची सीमा ओलांडून होतात. दांडिया बाजारातल्या मुलासाठी जळगावची किंवा नाशिकची मुलगी पाहिली जाते. रावपुऱ्यातली मुलगी पुण्याला किंवा डोंबिवलीला दिली जाते. संसार मोडला की मुलगी माहेरी जाते आणि तिथल्या न्यायालयात अर्ज करते. २००३ सालच्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ मध्ये पत्नीला ही मुभा मिळाली आणि ती योग्यच आहे, कारण तान्हे मूल घेऊन दर तारखेला सासरच्या गावी येणे कोणालाही शक्य नसते. पण नवऱ्याने तोपर्यंत बडोद्यात आपला दावा लावलेला असतो. दोन्ही न्यायालये वेगवेगळ्या राज्यांतली, त्यामुळे प्रकरणे एकत्र आणायची तर अर्ज थेट सर्वोच्च न्यायालयात करावा लागतो. म्हणजे जळगाव आणि बडोदे यांच्यातल्या भांडणाचा पहिला महत्त्वाचा निर्णय दिल्लीत होतो, आणि तोसुद्धा खटला कोणत्या गावी चालावा एवढ्यापुरताच. जळगावला छळाची तक्रार नोंदली गेली असेल, तर पुढे तडजोड झाल्यावरही ती दोघांनी मिळून मागे घेण्यासारखी नसते. पूर्वीचे कलम ४९८ अ काय किंवा आताच्या भारतीय न्याय संहितेतले कलम ८५ काय, असा गुन्हा तडजोडीने रद्द करायचा तर उच्च न्यायालयात जावे लागते. बी. एस. जोशी प्रकरणातील २००३ सालच्या आणि ग्यानसिंग प्रकरणातील २०१२ सालच्या निकालांनी तो मार्ग खुला केला आहे. परंतु जळगावच्या गुन्ह्यासाठी औरंगाबाद खंडपीठ आणि घटस्फोटासाठी बडोद्याचे कौटुंबिक न्यायालय, अशी दोन टोके जुळवण्याचे काम ज्या करारनाम्याने करायचे, तो व्हरांड्यात लिहिलेला चालत नाही.

भाषेचीही अडचण आहे. गुजरातमधल्या कनिष्ठ न्यायालयांचे कामकाज गुजरातीत चालते. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या मराठी माणसाला गुजराती ही दुसरी भाषा वाटतच नाही, म्हणून ही अडचण त्याच्या लक्षातही येत नाही. पण खानदेशातून आलेल्या मुलीला आणि तिच्या वडिलांना तो कागद वाचता येत नाही. वकील सारांश सांगतात, ती सही करते. सारांशात काय राहून गेले ते तिला दोन वर्षांनी कळते.

हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा सयाजीराव गायकवाडांच्या काळात, १९३१ साली, याच बडोद्यात झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. मुंबई प्रांतात तो १९४७ साली आला, सगळ्या देशासाठी १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने, आणि त्यात परस्परसंमतीची तरतूद, म्हणजे कलम १३ ब, तर १९७६ साली जोडली गेली. ज्या जातींत काडीमोडीची रूढी होती त्यांच्यात हे सगळे आधीपासूनच चालत होते आणि याच कायद्याच्या कलम २९ ने त्या रूढीला आजही धक्का लावलेला नाही. मात्र तिचा आधार घ्यायचा तर ती सिद्ध करावी लागते. हे लक्षात न घेता आजही सुशिक्षित घरांतली माणसे स्टॅम्प पेपरवर दोन साक्षीदारांसमक्ष फारकत लिहून, नोटरीचा शिक्का मारून मोकळी होतात आणि वर्षभरात दुसरे लग्नही लावतात. रूढीचा पुरावा नसेल तर पहिले लग्न कायद्याच्या दृष्टीने तसेच उभे असते आणि दुसरे रद्दबातल ठरते. त्यामुळे ‘न्यायालयाबाहेर घटस्फोट’ हे शब्द जपून वापरले पाहिजेत. बोलणी बाहेर होतात. सिद्ध होणाऱ्या रूढीचा अपवाद सोडला तर विवाह संपतो तो न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच. लोक अदालतीतही पोटगी आणि ताबा यांचे वाद मिटवता येतात, पण राष्ट्रीय लोक अदालतीच्या विषयांत वैवाहिक वाद घेताना घटस्फोट वगळलेला असतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. न्यायालयापेक्षा टेबलाभोवतीची बोलणी श्रेष्ठ का? शांतता, गुप्तता, वेळ ही नेहमीची कारणे खरी आहेत, परंतु मला सर्वांत वजनदार वाटणारे कारण वेगळेच आहे. न्यायालय जे देऊ शकते त्याची यादी फार तोकडी आहे. आपल्याकडे गोव्याचा अपवाद वगळता विवाहानंतर मिळवलेल्या मालमत्तेत पत्नीचा आपोआप वाटा नसतो. पंधरा वर्षे घर चालवलेल्या बाईला नवऱ्याच्या नावच्या फ्लॅटमधला एक चौरस फूटही मागता येत नाही. तिला मागता येते ती पोटगी, स्त्रीधन आणि राहण्याचा हक्क. स्त्रीधन पूर्णपणे तिचे हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली सांगितले, आणि सासू-सासऱ्यांच्या नावावरच्या घरातही ते सामायिक घर असेल तर तिला राहण्याचा हक्क मागता येतो हे २०२० साली सांगितले. हे मोठे आधार आहेत. तरी राहण्याचा हक्क आणि मालकी यांत फरक आहे, आणि घटस्फोटानंतर ज्या घरात राहायची इच्छाच उरलेली नाही तिथला राहण्याचा हक्क घेऊन ती करणार काय? बोलणीत मात्र दोघांना कायद्यापलीकडे जाता येते. फ्लॅट तिच्या नावे करून पोटगी कमी ठेवता येते. मुलीच्या शिक्षणासाठी वेगळी ठेव ठेवता येते. जुन्या वाड्यातला न वाटलेला हिस्सा, ज्याची किंमत काढताना न्यायालयाला वर्षे लागतील, तो विकला जाईल तेव्हा ठरावीक रक्कम द्यायची असे लिहून ठेवता येते. आजी-आजोबांना नातवाला दिवाळीत भेटता येईल, अशी अटही घालता येते. मुलाचे हित पाहून न्यायाधीश एखादे वेळी तिथवर जातीलही, पण ते मागण्यासाठी त्या बिचाऱ्यांना आधी पक्षकार व्हावे लागेल.

मात्र जे मागता येते ते मागायचे सुचले पाहिजे, आणि इथे नातेवाईक व वकील दोघेही कमी पडतात. हिशेबाचेच पाहा. नवराबायको दोघांच्या नावाने गृहकर्ज घेतलेले असते. करारात लिहिले जाते की घर नवऱ्याचे आणि हप्ते त्यानेच भरायचे. तो करार त्या दोघांमधला आहे, बँकेला तो बांधील नाही. बँकेने लेखी मोकळे करेपर्यंत ती सहकर्जदार राहते. त्याने हप्ते थकवले की नोटीस तिला येते आणि स्वतःचे घर घ्यायला ती बँकेत जाते तेव्हा तिची पत बिघडलेली असते. विमा, भविष्य निर्वाह निधी, म्युच्युअल फंड यांवरची नामनिर्देशने तशीच राहतात. एकरकमी पोटगी सामान्यतः करपात्र उत्पन्न मानली जात नाही, दरमहा मिळणारी पोटगी मात्र उत्पन्नात धरली जाते, हे माहीत नसताना कोणती पसंत करायची ते ठरवले जाते. आणि मुलाचा खर्च तर आजच्या दराने लावला जातो. पहिलीतल्या मुलाच्या शाळेला वर्षाला ८० हजार लागत असतील आणि फी दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढत असेल, तर तो दहावीला पोहोचेपर्यंत तीच शाळा १ लाख ६० हजारांच्या घरात जाते. ‘मुलाच्या शिक्षणासाठी दरमहा १० हजार’ असे कायमचे लिहून दिलेले वाक्य तेव्हा कोणाच्या उपयोगाचे? एखाद्या सनदी लेखापालाने दोन तास बसून हे कोष्टक मांडले, तर पुढचे दोन अर्ज वाचतात. माझ्या मते या साऱ्या प्रक्रियेत सर्वांत कमी पैशात सर्वांत जास्त फायदा देणारा माणूस तोच आहे, आणि त्यालाच कोणी बोलावत नाही.

हिशेब खरा असायचा तर माहिती खरी हवी. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात पोटगीच्या दाव्यांसाठी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांच्या प्रतिज्ञापत्राचा नमुनाच ठरवून दिला. तो न्यायालयातल्या प्रकरणांसाठी आहे. पण खासगी बोलणीही तोच नमुना दोघांनी भरून, बँकेच्या नोंदी आणि प्राप्तिकर विवरणपत्रांसह समोर ठेवूनच सुरू व्हावीत, असा आग्रह मध्यस्थाने धरला पाहिजे. दुकान वडिलांच्या नावावर आणि पगार ‘हातखर्चापुरता’ असे सांगणारा मुलगा मग निदान लेखी सांगेल, आणि पुढे ते खोटे निघाले तर करार हलवायला आधार राहील.

मुलांच्या बाबतीत आपण त्याहून आंधळे आहोत. अर्जात लिहिले जाते, ‘ताबा आईकडे, वडिलांना दर महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या रविवारी भेटीचा हक्क’. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असे १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा सांगतो आणि सर्वांत वर मुलाचे कल्याण ठेवतो. पण आई नाशिकला आणि वडील बडोद्यात असतील, तर पहिला आणि तिसरा रविवार म्हणजे नेमके काय? मूल रात्रीच्या प्रवासाने येणार की वडील जाणार, प्रवासाचा खर्च कोणाचा, सोबत कोण, परीक्षा असेल तर बदली दिवस कोणता, आठवड्यात फोनवर केव्हा बोलायचे, पासपोर्टच्या अर्जावर सही कोण करणार, आजारपणात कळवायचे किती वेळात? चार वर्षांच्या मुलाला महिन्याने भेटलेले वडील परके वाटू लागतात. तेराव्या वर्षी त्याच मुलाला रविवारी क्रिकेटचा सामना सोडून भेटीला जाणे नकोसे होते. वयाप्रमाणे वेळापत्रक बदलत जायला हवे, हे बालमानसशास्त्र शिकलेल्या माणसाला सहज कळते. आपल्या शहरात अशी माणसे तयार होतात: महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजकार्याची विद्याशाखा आहे, मानवविकास आणि कुटुंबअभ्यास शिकवणारा विभाग आहे, कायद्याची विद्याशाखाही आहे. या तिन्ही ठिकाणी शिकलेली माणसे एकाच टेबलाशी कधी बसत नाहीत. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने समुपदेशकांची आणि वैद्यकीय व कल्याणतज्ज्ञांच्या साहाय्याची तरतूद केली आहे, वकिलाला तिथे हक्काने उभे राहता येत नाही असेही म्हटले आहे; परंतु ही सारी मदत दावा दाखल झाल्यावरची, म्हणजे आरोप लिहून झाल्यावरची. एकदा वडिलांना ‘व्यसनी’ आणि आईला ‘मनोरुग्ण’ असे कागदावर लिहिले की नंतरच्या समुपदेशनाला फारसा अर्थ राहत नाही.

यावर आपली माणसे म्हणतात की एवढे परके लोक कशाला, घरातली चार जाणती माणसे बसवून मिटवू. बैठकीच्या या परंपरेबद्दल मला आदर आहे, पण तिचा हेतू समेट हा असतो. काका, मावशी, मंडळाचे अध्यक्ष हे सगळे संसार टिकवायला बसलेले असतात. तो टिकत नाही असे ठरले की त्यांचे काम संपते, किंवा ते पुन्हा पुन्हा तेच सांगत राहतात. मुलीला ‘थोडे सोसून घे’ आणि मुलाला ‘थोडे लक्ष दे’ हा सल्ला दोघांना सारखाच दिला जातो, जणू दोघांची अडचण सारखीच आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बैठकीत बोललेले बाहेर जाते. मध्यस्थीत उच्चारलेला शब्द पुढे न्यायालयात पुरावा म्हणून वापरता येत नाही, आणि संसदेने २०२३ साली केलेल्या मध्यस्थी कायद्यातही गुप्ततेला मध्यवर्ती जागा आहे. काकांना अशी कोणतीही बंधने नसतात.

न्यायालयाबाहेरच्या निवाड्याची एक वेगळी परंपराही याच जिल्ह्यात उभी राहिली, आणि ती बैठकीपेक्षा बरीच शिकवून जाते. महिला सामाख्या या स्त्रियांच्या शिक्षणासाठीच्या सरकारी कार्यक्रमातून १९९५ साली बडोदे जिल्ह्यात नारी अदालत सुरू झाली. खेड्यापाड्यातल्या, फारशा न शिकलेल्या बायका कायद्याचे प्रशिक्षण घेऊन तालुक्याच्या ठिकाणी जमत, दोन्ही पक्षांना बोलावत, चौकशी करत, आणि जे ठरले ते लिहून घेत. त्यांना कोणताही कायदेशीर अधिकार नव्हता. तरी लोक येत, कारण तिथे बाईचे म्हणणे आधी ऐकून घेतले जाई आणि फसवणुकीची शक्यता गृहीत धरूनच चौकशी होई. मध्यस्थाने तटस्थ असावे हे खरे. पण दोन बाजूंचे बळ सारखे नसताना दोघांशी सारखे वागणे म्हणजे बलवानाला मदत करणे, हे त्या बायकांना पुस्तकाशिवाय कळले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या मध्यस्थी समितीने ठरवलेले प्रशिक्षण ४० तासांचे आहे. तेवढ्यात ऐकून घेण्याची पद्धत येते. कोण घाबरून हो म्हणते आहे ते ओळखायला ४० तास पुरतील, असे मला वाटत नाही.

अमेरिकेत या सगळ्याला एक रीतसर रूप मिळाले आहे. १९९० साली मिनियापोलिस शहरातल्या स्टुअर्ट वेब या वकिलाने आपण यापुढे घटस्फोटाचे खटले न्यायालयात लढवणार नाही, फक्त तडजोडीचे काम करू, असे जाहीर केले, आणि त्यातून ‘सहकार्याने घटस्फोट’ ही पद्धत वाढली. दोन्ही पक्ष आणि त्यांचे वकील एकत्र बसतात. गरजेप्रमाणे एक निःपक्ष आर्थिक तज्ज्ञ, भावनिक बाजू सांभाळणारा समुपदेशक आणि मुलांसाठीचा तज्ज्ञ घेतला जातो. २००९ साली यासाठी आदर्श कायद्याचा मसुदा तयार झाला आणि तिथल्या अनेक राज्यांनी तो स्वीकारला. या पद्धतीचा कणा एकच अट आहे: बोलणी फिसकटली आणि प्रकरण न्यायालयात गेले, तर या दोन्ही वकिलांनी बाजूला व्हायचे; खटला नव्या वकिलांनी चालवायचा. मला ही अट अतिशय शहाणपणाची वाटते. आपल्याकडे वकिलाचे उत्पन्न तारखांवर चालते. सगळेच वकील मुद्दाम लांबवतात असे मी म्हणत नाही, पण लांबल्याने ज्याचे नुकसान होत नाही त्याच्याकडून घाईची अपेक्षा धरणे भोळेपणाचे आहे. वेबच्या अटीने वकिलाचे हित तडजोडीशी बांधले जाते. आपल्याकडे असा कायदा नाही. तरी दोन्ही पक्षांनी आणि वकिलांनी हे लेखी कबूल करायला काहीच हरकत नसावी. फी मात्र ठरावीक आणि आधी सांगितलेली हवी. मिळणाऱ्या रकमेत हिस्सा ठरवून घेण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई केली आहे. एकरकमी पोटगीच्या टक्क्यांत फी मागणाऱ्याला पक्षकारांनी हे खुशाल ऐकवावे.

अमेरिकी पद्धत जशीच्या तशी आणणे मात्र परवडणारे नाही, आणि तशी गरजही नाही. तिथे पाच-सहा व्यावसायिकांचा ताफा महिनोन्‌महिने काम करतो. तो श्रीमंतांचा मार्ग आहे, ही तिथलीही टीका आहे. आपल्याला एक मुख्य मध्यस्थ पुरेल, वकील दोन, आणि लेखापाल व बालसमुपदेशक यांच्या एकेक-दोन बैठका. दोन-तीन वर्षे दोन गावांत चाललेल्या तारखा, प्रवास, रजा आणि तीन न्यायालयांतले वकील यांचा खर्च मांडून पाहिला, तर हा पर्याय मध्यमवर्गीय कुटुंबालाही महाग पडणार नाही.

या सगळ्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप स्त्री-संघटनांकडून येतो आणि तो मी बाजूला सारू शकत नाही. ‘सामोपचार’ या गोड नावाखाली बाईला तिच्या हक्कांपेक्षा कमी स्वीकारायला लावले जाते, बंद खोलीत झालेल्या अन्यायाची नोंदही राहत नाही, आणि मारहाण करणाऱ्या माणसासमोर बसवून तिच्याकडून ‘संमती’ घेतली जाते, असे त्यांचे म्हणणे आहे. ते खरे आहे. म्हणून पहिल्या बैठकीच्या आधी दोघांशी स्वतंत्रपणे बोलून हिंसेची चौकशी झालीच पाहिजे, आणि ती आढळली तर एकत्र बैठक होऊ नये. तिथे आधी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षणाचा आदेश, राहण्याची सोय आणि अंतरिम पोटगी हातात यावी. बोलणी करायचीच असतील तर त्यानंतर, वकिलांमार्फत. जिच्या खात्यात या महिन्याचा खर्च जमा झाला आहे ती नाही म्हणू शकते. जिच्याकडे घरभाड्यालाही पैसे नाहीत ती पहिल्याच आकड्याला हो म्हणेल. दुसऱ्या बाजूने, फौजदारी तक्रार ही भावाची घासाघीस करण्याचे हत्यार म्हणून वापरली जाते ही नवऱ्यांची तक्रारही काही प्रकरणांत खरी असते. दोन्ही गोष्टींवर उपाय एकच दिसतो: आकडा तक्रारीच्या धास्तीने न ठरता उत्पन्न आणि गरज यांच्या कागदांवरून ठरला पाहिजे. आणि मुलाच्या पोटगीवर कोणी सही करून पाणी सोडले, तरी मुलाचा हक्क त्याने संपत नाही, हे दोघांनाही आधीच सांगितलेले बरे.

‘घटस्फोट सोपे झाले की घरे मोडतील’ या आक्षेपाला मात्र मी फारसे महत्त्व देत नाही. कलम १३ ब खाली अर्ज करायला वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागते. बैठकांच्या सोयीमुळे कोणी वर्षभर वेगळे राहायला जात नाही.

चांगल्या तडजोडीला कायद्यानेही बक्षीस ठेवले आहे. परस्परसंमतीच्या घटस्फोटासाठी दोनदा अर्ज करावा लागतो; त्या पहिल्या आणि दुसऱ्या अर्जामध्ये सहा महिने थांबण्याची अट न्यायालय शिथिल करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये अमरदीप सिंग प्रकरणात ठरवले. परंतु त्यासाठी पोटगी, ताबा आणि इतर सारे प्रश्न खरोखर मिटलेले आहेत हे दिसावे लागते. उलट कच्च्या तडजोडीचा धोकाही मोठा आहे. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणालाही संमती मागे घेता येते, हे १९९१ पासून स्पष्ट आहे. सगळी रक्कम पहिल्याच दिवशी दिली आणि तिने संमती फिरवली, किंवा तिने तक्रार आधी मागे घेतली आणि त्याने रक्कम बुडवली, असे दोन्ही घडते. रक्कम टप्प्यांत द्यावी, शेवटचा धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) दुसऱ्या अर्जाच्या दिवशी न्यायालयासमोर हातात पडावा, दागिन्यांची यादी सहीसह सोबत जोडावी, मुलाच्या भेटी मात्र पहिल्या दिवसापासून सुरू व्हाव्यात आणि पैशांशी त्यांचा संबंध जोडू नये, अशा साध्या अटींनी यातले पुष्कळ टळते.

हे कोणी सुरू करायचे? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने, असे माझे उत्तर आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेविषयक मदत मिळू शकते, आणि वैवाहिक तंटे शक्यतो दाव्याआधीच मध्यस्थीकडे जावेत असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ सालचा के. श्रीनिवास राव प्रकरणातला रोख आहे. दिवाळीपुऱ्याच्या न्यायसंकुलात मध्यस्थांच्या यादीसोबत लेखापाल आणि बालसमुपदेशक यांचीही यादी असावी, त्यांचे मानधन ठरलेले असावे, आणि दावा दाखल न करता तिथे जाता यावे. विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना देखरेखीखाली तिथे काम दिले तर दोघांचीही सोय होईल. आपल्या मराठी संस्थांनी वधू-वर मेळाव्यांच्या जोडीला एवढे करावे: मराठी आणि गुजराती दोन्ही नीट वाचणाऱ्या, कायद्याच्या कागदाची सवय असलेल्या काही माणसांची नावे प्राधिकरणाकडे द्यावीत. आणि करारनामा दुसऱ्या कोणत्याही भाषेत असला, तरी त्याची संपूर्ण मराठी प्रत, सारांश नव्हे, सहीच्या निदान आठ दिवस आधी मुलीच्या हाती पडली होती असे मध्यस्थाने स्वतः लिहून द्यावे. ती नोंद नसेल तर न्यायाधीशांनी तिच्या संमतीची नोंद घेण्यापूर्वी पुढची तारीख द्यावी. या एका तारखेबद्दल माझी तक्रार असणार नाही.